‘कर्सेस’ची कुळकथा : संगणकाच्या पडद्यावर आपल्या लिपीची जागा

‘माहुल’ हे आपल्या वस्तीचे नाव. पहिल्या इयत्तेतील मूलही ते लिहिताना तीन अक्षरे मोजते : मा, हु आणि ल. हेच नाव संगणकात साठवले की त्याची पाच चिन्हे होतात : म, काना, ह, उकार आणि ल. आजच्या प्रचलित संकेतपद्धतीत ही पाच चिन्हे ठेवण्यास १५ बाइट लागतात. आणि संगणकाचा जो सर्वांत साधा पडदा, ज्यास ‘टर्मिनल’ म्हणतात, त्यावर हे नाव सामान्यतः चार घरे अडवते. तीन, पाच, पंधरा आणि चार. एकाच शब्दाची ही चार मोजमापे झाली. यांपैकी कोणते मोजमाप कोठे धरायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांनीच मराठी मजकूर त्या पडद्यावर सरळ दिसणार की विस्कटणार हेही ठरवून टाकले.

हा निर्णय कोणत्याही विधिमंडळात झाला नाही. त्यावर सभा भरल्या नाहीत, ठराव झाले नाहीत. काही विद्यापीठांतील विद्यार्थी, काही हौशी तंत्रज्ञ आणि आपला फावला वेळ खर्चून संगणकासाठी आज्ञावल्यांची ‘पॅकेजे’ बांधणारे स्वयंसेवक यांच्या हातून तो हळूहळू घडत गेला. इतिहासाच्या शिक्षकाने अशा विषयावर का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच की, लिपीचा इतिहास हा इतिहासच आहे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत अद्याप घडत आहे.

पडद्यापूर्वीचा काळ

आपल्या मुंबईचे संगणकाशी नाते जुने आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभा यांच्या प्रोत्साहनाने आणि प्रा. रं. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याची स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची होती. परंतु आलेख व अक्षरे दाखविण्यासाठी त्यास कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता. आपल्या माहुलला लागूनच असलेल्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही संगणकनिर्मितीचे प्रयत्न झाले. तेथे विकसित झालेला ‘टीडीसी-१२’ १९६९ मध्ये पुढे आला आणि हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने त्याचे उत्पादन केले.

तथापि त्या काळी संगणकाशी बोलणे म्हणजे बहुधा कागदाशी बोलणे असे. भोके पाडलेली कार्डे किंवा फिती आत घालायच्या आणि छापील कागद बाहेर येण्याची वाट पाहायची. तारयंत्रासारखा टेलिटाइप असला तर त्यावर एकाखाली एक ओळ उमटत जाई. उमटलेली ओळ पुन्हा पुसण्याचा प्रश्नच नव्हता. कागदावरचे अक्षर मागे घेता येत नाही.

सत्तरच्या दशकात काचेच्या पडद्याची टर्मिनले स्वस्त होऊ लागली. १९७६ मध्ये अमेरिकेतील लियर सिगलर कंपनीचे ‘एडीएम-३ए’ आले आणि १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे ‘व्हीटी-१००’. पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरे, म्हणजे एकूण १९२० घरे, हा संकेत तेव्हा रूढ झाला. आपल्या गणिताच्या चौकटींच्या वहीसारखा हा पडदा समजावा. एका चौकटीत एक इंग्रजी अक्षर बसते.

दोन यंत्रे, दोन बोल्या

पडद्याचा मोठा लाभ असा की कोणत्याही घरात जाऊन तेथील अक्षर बदलता येते. परंतु येथेच अडचण उभी राहिली. ‘पाचव्या ओळीच्या दहाव्या घरात जा’ हे एडीएम-३ए यंत्रास सांगायचे तर ‘एस्केप’ हे सांकेतिक चिन्ह, त्यामागून बरोबरचे चिन्ह आणि मग ओळ व घर यांचे क्रमांक दोन अक्षरांत गुंडाळून पाठवावे लागत. व्हीटी-१०० ला तेच सांगायचे तर एस्केप, चौकटी कंस, मग दोन्ही क्रमांक साध्या आकड्यांत, मध्ये अर्धविराम आणि शेवटी एक अक्षर, असा निराळाच पाठ म्हणावा लागे. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. एका यंत्रासाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्यावर नेला की पडद्यावर कचरा उमटे.

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी त्या वेळी ‘व्हीआय’ हा संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा कार्यक्रम, तयार करीत होता. त्याने यावर तोड काढली ती दुभाष्याच्या कोशाची. कोणते टर्मिनल कोणती बोली समजते, याची नोंद त्याने एका फाइलीत केली. तिचे नाव ‘टर्मकॅप’. कार्यक्रमाने आधी कोश पाहावा आणि मग त्या यंत्राच्या भाषेत बोलावे, अशी ही व्यवस्था होती.

दुसरी अडचण वेगाची होती. दूरध्वनीच्या तारेवरून ३०० बॉडच्या वेगाने सेकंदास सुमारे ३० अक्षरे जात. वाचकांनी स्वतःच हिशेब करावा : १९२० घरांचा पूर्ण पडदा भरण्यास ६४ सेकंद लागत. १२०० बॉडला १६ सेकंद, तर ९६०० बॉडला २ सेकंद. एक अक्षर बदलल्यावर सारा पडदा पुन्हा पाठवायचा, तर माणसाने प्रत्येक अक्षरामागे मिनिटभर थांबायचे काय?

बर्कलीतीलच केन अर्नोल्ड या विद्यार्थ्याने व्हीआयमधील पडदा हलविण्याचा भाग वेगळा काढून त्याचा कोणालाही वापरता येईल असा संच बनवला. संगणकाच्या परिभाषेत अशा तयार आज्ञासंचास ‘लायब्ररी’ म्हणतात. कपाटातील पुस्तकांशी तिचा संबंध नाही. सुताराने प्रत्येक वेळी नवी करवत न घडवता अवजारांच्या पेटीतून काढून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. या लायब्ररीचे नाव ‘कर्सेस’. पडद्यावरील जागा दाखविणाऱ्या चिन्हास ‘कर्सर’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘कर्सेस’ म्हणजे शिव्याशाप. या दोहोंवरचा तो विद्यार्थिसुलभ विनोद होता.

तिची युक्ती मात्र विनोदी नव्हती. ही लायब्ररी स्मृतीत पडद्याची दोन चित्रे ठेवते : एक, या क्षणी पडद्यावर काय आहे त्याचे, दुसरे, कार्यक्रमास काय हवे आहे त्याचे. ‘ताजे कर’ अशी आज्ञा मिळाली की दोन्ही चित्रे ताडून पाहायची आणि जेवढा फरक असेल तेवढाच तारेवरून पाठवायचा. ६४ सेकंदांचे काम अनेकदा निमिषार्धात होऊ लागले. १९८० च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्स आवृत्तीबरोबर ‘कर्सेस’ सर्वत्र गेली. ‘रोग’ नावाचा भुयारातील भटकंतीचा खेळ तिच्यावरच उभा राहिला आणि विद्यापीठांतून लोकप्रिय झाला.

‘नवे कर्सेस’ आणि मुक्त वारसा

पुढे एटी अँड टी कंपनीत मेरी अॅन हॉर्टन यांनी टर्मकॅपच्या जागी ‘टर्मिन्फो’ हा अधिक जलद कोश आणला आणि कर्सेसमध्येही भर घातली. पण ही सुधारित लायब्ररी कंपनीच्या मालकीची होती. पॅव्हेल कर्टिस यांनी १९८२ पासून तिच्यासारखीच, पण सर्वांसाठी खुली अशी ‘पीकर्सेस’ लिहिण्यास घेतली. १९९१ मध्ये झेयद बेन-हलीम यांनी ते काम हाती घेतले आणि १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘एन्कर्सेस’, म्हणजे ‘नवे कर्सेस’, या नावाने तिची १.८.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. एरिक रेमंड यांनी तिच्यात मोठी भर घातली. युर्गेन फायफर यांनी यादी व अर्ज भरण्याचे भाग जोडले. थॉमस डिकी यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तिची देखभाल पत्करली ती आजतागायत. १९९८ मध्ये तिचे हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपविण्यात आले. वापराच्या अटी इतक्या उदार ठेवल्या की कोणीही ती घ्यावी, बदलावी आणि वाटावी. आज तिच्या कोशात हजाराच्या वर टर्मिनलांच्या बोली नोंदलेल्या आहेत. त्यांतील कित्येक यंत्रे भंगारातही सापडणार नाहीत.

गठ्ठा बांधणाऱ्यांचे काम

एवढे झाले तरी ही लायब्ररी सामान्य माणसाच्या संगणकावर आपोआप येत नाही. धान्य शेतात पिकले म्हणजे घरात पोळी झाली, असे होत नाही. मळणी, निवडणे, दळणे आणि वाहतूक मध्ये असतेच. संगणकाच्या जगात या मधल्या कामास ‘पॅकेजिंग’ म्हणतात. ज्या वर्षी एन्कर्सेस प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १६ ऑगस्ट १९९३ रोजी, इयन मर्डॉक यांनी ‘डेबियन’ या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली. पुढे पत्नी झालेल्या डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांच्या संधीतून ‘डेबियन’ हे नाव झाले. लिनक्सच्या गाभ्याभोवती हजारो आज्ञासंच नीट बांधून देणारी ही स्वयंसेवकांची संघटना आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती आणि ती नऊ प्रकारच्या संगणकरचनांसाठी उपलब्ध होती.

पॅकेज बांधणारा नेमके काय करतो? तो मूळ लेखकाकडून संहिता घेतो. त्या कार्यप्रणालीत बसण्यासाठी लागणारे फेरफार तो वेगळे नोंदवून ठेवतो, म्हणजे मूळ काय आणि आपले काय हे कोणासही दिसावे. एका पत्रकात तो लिहितो की या पॅकेजला दुसरी कोणती पॅकेजे आधी हवीत. प्रत्येक बदलाची तारीखवार रोजनिशी ठेवतो. वापराच्या अटींची प्रत जोडतो. शेवटी आपल्या सांकेतिक किल्लीने सही करून तो गठ्ठा भांडारात पाठवतो. तेथे तो आधी ‘अस्थिर’ विभागात राहतो. काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तर ‘चाचणी’ विभागात जातो, आणि मग पुढल्या ‘स्थिर’ आवृत्तीत त्याचा समावेश होतो.

एन्कर्सेसच्या बाबतीत तर एका लायब्ररीचे अनेक गठ्ठे करावे लागले. टर्मिनलाची बोली ओळखणारा भाग ‘टिन्फो’ म्हणून वेगळा काढला. कारण आज्ञा स्वीकारणाऱ्या ‘बॅश’सारख्या कार्यक्रमास तेवढाच पुरतो, पडद्याच्या खिडक्यांचा पसारा त्याला नको असतो. नेहमीच्या टर्मिनलांचा कोश एका पॅकेजात आणि दुर्मीळ यंत्रांचा दुसऱ्यात ठेवला, म्हणजे छोट्या संगणकाची जागा वाया जाऊ नये. मूळ कोश आणि त्याची अवजारे यांची पॅकेजे डेबियनने ‘अत्यावश्यक’ ठरवली आहेत. ती काढू गेल्यास संगणक कडक इशारा देतो.

आवृत्ती बदलण्याचा प्रसंग म्हणजे तर खरी कसोटी. २०१५ मध्ये एन्कर्सेसची सहावी आवृत्ती आली. तिची आतील मांडणी पाचवीपेक्षा निराळी होती, म्हणून पाचवीवर बांधलेला कार्यक्रम सहावीवर चालणार नव्हता. जुने एका रात्रीत फेकून दिले असते, तर कित्येक कार्यालयांतील कामे सकाळी बंद पडली असती. डेबियनच्या २०१९ मधील ‘बस्टर’ आवृत्तीत दोन्ही लायब्रऱ्या वेगवेगळ्या नावांनी शेजारी शेजारी ठेवण्यात आल्या. घरात नवी सून आली म्हणून सासूला बाहेर काढत नाहीत; हळूहळू किल्ल्या हाती जातात. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना या संक्रमणाचा पत्ताही लागला नाही, आणि पॅकेज बांधणाऱ्याच्या यशाची हीच खूण असते.

आपल्याकडील प्रयत्न

आता आपल्या लिपीकडे वळू. नव्या यंत्रापुढे देवनागरीची परीक्षा होण्याची ही पहिली वेळ नव्हती. छपाई आली तेव्हा इंग्रजीचे काम शंभरेक खिळ्यांत भागे, पण देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांसाठी शेकडो खिळे पाडावे लागले. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती त्याच्या सुबक खिळ्यांमुळेच झाली. उर्दूची अवस्था आणखी कठीण होती. नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते, म्हणून उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकातही दीर्घकाळ कातिबांच्या हातची अक्षरे शिळाछापावर उतरवून निघत. १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालीक’ ही संगणकीय अक्षररचना आली आणि ते चित्र पालटू लागले.

टर्मिनलाच्या पडद्यावर भारतीय लिपी आणण्याचे काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झाले. तेथील संशोधनातून ‘गिस्ट’ हे तंत्र विकसित झाले आणि १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. पुण्यात तयार झालेली गिस्ट कार्डे व गिस्ट टर्मिनले यांची हुशारी अशी की, लिपीची सारी गुंतागुंत यंत्राच्याच अंगात ठेवलेली होती; पलीकडच्या संगणकाला केवळ एकामागून एक संकेत मिळत. त्या संकेतांचे प्रमाण म्हणजे ‘इस्की’. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते आय.एस. १३१९४ या क्रमांकाने स्वीकारले. इंग्रजीचे १२८ संकेत जागच्या जागी ठेवून उरलेल्या जागांत ब्राह्मीपासून निघालेल्या प्रमुख भारतीय लिपी एकाच साच्यात बसविल्या होत्या. उर्दू, सिंधी व काश्मिरीसाठीची फारसी-अरबी वळणाची लिपी मात्र त्या साच्यात बसणारी नव्हती; तिच्यासाठी ‘पास्की’ नावाचा वेगळा संकेत योजावा लागला.

मुंबईत जुहू येथे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. देशातील शैक्षणिक संगणकजाळ्याच्या उभारणीत तिचा वाटा मोठा होता. लिनक्समध्ये भारतीय लिपी आणणारा ‘इंडिक्स’ हा प्रकल्प तिच्याच छायेत झाला. पुढे ही संस्था सी-डॅकमध्येच विलीन झाली. सी-डॅकने नंतर डेबियनच्या आधारावर ‘बॉस’ ही भारतीय भाषांतील कार्यप्रणाली काढली. म्हणजे डेबियनच्या स्वयंसेवकाने बांधलेला एन्कर्सेसचा गठ्ठा त्या मार्गाने आपल्या सरकारी कार्यालयांतील संगणकांपर्यंतही आला.

एका अक्षराचे अंतर

१९९१ मध्ये युनिकोड हा जगातील सर्व लिपींचा एकत्रित संकेत प्रसिद्ध झाला. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी तो साठवण्यासाठी ‘यूटीएफ-८’ ही पद्धत शोधली. तिच्यात इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. ‘माहुल’चे १५ बाइट होतात ते यामुळे.

जुनी एन्कर्सेस एक बाइट म्हणजे एक घर असे धरून चाले. तिच्या हिशेबी ‘माहुल’ला १५ घरे हवीत. त्यामुळे यादीतील पुढचा स्तंभ सरके, कर्सर भलत्याच जागी थांबे आणि अक्षरांच्या जागी अनोळखी चिन्हे दिसत. यावर उपाय म्हणून लायब्ररीचा दुसरा अवतार आला, ज्याच्या नावाअखेर ‘डब्ल्यू’ हे एक अक्षर जास्त असते. तो बाइट न मोजता चिन्ह ओळखतो आणि कोणते चिन्ह किती घरे घेते, हे तक्त्यातून पाहतो. त्या तक्त्यात सामान्यतः म, ह, ल यांस प्रत्येकी एक घर, कान्यास एक घर आणि खाली लटकणाऱ्या उकारास शून्य घर दिलेले असते. बेरीज चार होते.

डेबियनने दीर्घकाळ हे दोन्ही अवतार दिले. मग एखाद्या कार्यक्रमात मराठी नावे नीट दिसतील की नाही, हे कशावर अवलंबून राहिले? त्या कार्यक्रमाचे पॅकेज बांधणाऱ्याने तो कोणत्या अवताराशी जोडला, यावर. एक अक्षर जास्त लिहिले तर मराठी माणसाला आपले नाव वाचता येते; न लिहिले तर ते विस्कटते. बांधणाऱ्याच्या मनात आकस नसतो. त्याच्या पडद्यावर इंग्रजी नीट दिसते म्हणून त्याला दोष दिसत नाही, एवढेच. दोष दिसतो तो मराठी लिहिणाऱ्याला. आणि त्याने कळवले नाही, तर तो तसाच राहतो.

काम पूर्ण झाले आहे, असे मात्र कोणी समजू नये. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणकात त्याची सहा चिन्हे होतात : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. तक्त्याप्रमाणे त्यास चार घरे मिळतात, पण जोडून काढलेले अक्षर त्याहून कमी जागेत मावते. मग कोठे मध्ये पोकळी राहते, तर कोठे अक्षरे एकमेकांवर चढतात. ऱ्हस्व वेलांटी संकेतात व्यंजनानंतर येते आणि पडद्यावर त्याआधी काढावी लागते. घराघरांचा पडदा येथे गोंधळतो. उर्दूचा प्रश्न तर दिशेचाच आहे. कर्सेसचे सारे गणित डावीकडून उजवीकडे चालते. २०१९ मध्ये ग्नोम टर्मिनलमध्ये उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींसाठी सोय आली, ही मोठी प्रगती होय. तथापि पडदा आणि कार्यक्रम यांत दिशा कोणी सांभाळायची, हा प्रश्न सर्वस्वी सुटलेला नाही. घरी उर्दू आणि शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलास या दोन्ही अडचणी एकाच संगणकावर भेटतात.

कोणी म्हणेल, आज हाती स्पर्शपडद्याचे फोन असताना या जुन्या चौकटींची चिंता कशाला? वाचकहो, फोनवर आपण जे पाहतो ते पुरवणारे दूरचे संगणक बहुतांशी लिनक्सवर चालतात आणि त्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ आजही याच साध्या पडद्यावर काम करतो. विद्यार्थ्यांच्या नावांची मराठी यादी तेथे उघडली आणि ती विस्कटलेली दिसली, की तो सहज म्हणतो, ‘नावे इंग्रजीतच ठेवा.’ लिपी हद्दपार होते ती अशी, कोणाच्या हुकमाविना.

विश्वासाचा प्रश्न

या कामातील जबाबदारी किती मोठी असते, हे २०२४ च्या मार्चमध्ये जगाला कळले. ‘एक्सझेड’ या फाइली आकसून लहान करणाऱ्या आज्ञासंचाची देखभाल एक स्वयंसेवक कित्येक वर्षे जवळजवळ एकट्याने करीत होता. मदतनीस म्हणून आलेल्या, खोट्या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षे चांगले काम करून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा दडवला. ही पॅकेजे डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी विभागांपर्यंत पोहोचली होती. लॉगिनला अर्धा सेकंद अधिक का लागतो, एवढ्या बारीक शंकेचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने केला आणि २९ मार्च रोजी कट उघडकीस आला. स्थिर आवृत्ती बचावली. अस्थिर, चाचणी आणि स्थिर अशा पायऱ्या कशासाठी, याचे याहून बोलके उदाहरण नाही. साऱ्या जगाचा भार एखाद्या थकलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकून बाकीच्यांनी निर्धास्त राहणे किती धोक्याचे आहे, हाही त्यातील धडा आहे.

आपण काय करू शकतो

आपल्या शिक्षणसंस्था संगणकाचे वर्ग काढतात ही समाधानाची बाब आहे. परंतु बहुतेक ठिकाणी शिक्षण वापरापुरते थांबते. टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, छापील प्रमाणपत्र, आणि नोकरीचा अर्ज. हे हवेच, कारण आपल्या वस्तीतील कुटुंबांना मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहावी लागते. पण यंत्र बनविणाऱ्यांच्या आणि बांधणाऱ्यांच्या पंक्तीला बसण्याची वाट बंद नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त कार्यप्रणाली आणून दाखवली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेबियनची जागतिक परिषद कोची येथे भरली. ज्या कामाला ना प्रवेशशुल्क आहे, ना परवाना, तेथे माहुल-चेंबूरच्या मुलाने का जाऊ नये?

सुरुवात लहान असू शकते. प्रयोगशाळेतील एका जुन्या संगणकावर डेबियन घालावी. टर्मिनल उघडून आपले नाव, आपल्या गावाचे नाव, ‘स्त्री’, ‘विद्यार्थी’, ‘शिक्षण’ हे शब्द मराठीत लिहावेत. ज्यांना येते त्यांनी उर्दूतही लिहावेत. निरनिराळ्या कार्यक्रमांत ते कसे दिसतात, याची वहीत नोंद करावी. जेथे विस्कटते तेथे, कोणते पॅकेज, कोणती आवृत्ती, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, एवढ्या चार ओळी इंग्रजीत लिहून बांधणाऱ्याकडे तक्रार पाठवावी. डेबियनमध्ये अशी प्रत्येक तक्रार क्रमांकासह उघड नोंदली जाते. नीट लिहिलेली तक्रार हे शास्त्रीय निरीक्षणच असते, आणि ती दहावीचा चौकस विद्यार्थीही लिहू शकतो. त्यातून पुढे एखादा स्वतः दुरुस्ती करील, आणखी एखादा छोटेसे पॅकेज बांधील. त्यास कित्येक वर्षे लागतील. बिल जॉय आणि केन अर्नोल्ड यांनी आरंभ केला तेव्हा तेही विद्यार्थीच होते.

निर्णयसागरच्या काळी देवनागरीचे खिळे पाडणारे कारागीर आपलेच होते, उर्दूची कातिबी करणारे हातही आपलेच होते, म्हणून त्या लिपी कागदावर टिकल्या. पडद्यावरील घरांचे तक्ते आजही दुरुस्त होत आहेत, पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत आणि त्या कामात हातांची वाण आहे. आपल्या संस्थेतून येत्या काही वर्षांत अशी दोन-चार मुले-मुली जरी या कामी लागली, तरी संगणकवर्गांवर झालेला खर्च सार्थकी लागला, असे मी समजेन.